दाद न देणारी माशी

८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनवर तुला दोन मिनिटांच्या पुढे भाऊ परवडत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही इकडे मजेत आहोत. तुझी वहिनीही मजेत आहे, म्हणजे सकाळपासून मला तीनदा बोलून झालं आहे आणि अजून जेवण व्हायचं आहे.

टोमॅटोच्या तिन्ही शेड भरल्या आहेत. वेली वरच्या तारेला टेकल्या. पांढरी माशी म्हणशील तर नावालाही नाही. तुझं औषध असताना तिची काय बिशाद! परवा रस्त्यापलीकडचा मिरचीवाला आला होता, तोंड एवढंसं करून. त्याला सांगितलं की दुकानदाराच्या नादाने रोज नवी बाटली आणू नकोस, माझ्या बहिणीने शोधलंय तेच मार आणि निवांत झोप. तुझी अगदी पहिली बाटली मी अजून बैठकीच्या खोलीत शोकेसमध्ये ठेवली आहे. वहिनी ती पुसते आणि म्हणते की विष शोभेला ठेवणारं घर आख्ख्या रस्त्यावर आपलं एकच असेल.

नवीन काय चाललंय? दुसरं औषध कधी काढतेस? घाई नाही. पहिलंच इतकं गुणी आहे की दुसऱ्याची गरज वाटत नाही.

माया आहेच, पत्र लिहिलंस तर थोडी वाढेल.

तुझा,
दादा

ता. क. अक्षर वाकडं आलंय. थंडीने बोटं आखडतात.

१७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर पाहून वाटलं कोणा परक्याचं पत्र आहे. मग मजकुरात मिरचीवाल्याला दिलेला उपदेश दिसला आणि ओळख पटली.

माझं बरं चाललं आहे. दिवसभर पानं उलटी करून बघते. लहानपणी तू माझ्या दप्तरात गोगलगाय ठेवली होतीस, तेव्हापासून माझं आयुष्य मार्गी लागलं असं म्हणायला हरकत नाही. बाकी कामाचं तपशीलवार लिहिलं तर तुला जांभया येतील, म्हणून लिहीत नाही.

माशी नावालाही नाही हे वाचून आनंद झाला. आश्चर्यही वाटलं, पण ते असो. सहज विचारते, फवारणी किती दिवसांनी करतोस? आणि मास्क घालतोस का? मास्क कुठल्या खिळ्यावर टांगला आहे ते मला माहीत आहे. मी तोंडाबद्दल विचारते आहे.

वहिनीला स. न. सांग. ती तुला बोलते त्यातलं निम्मं माझ्या वतीने असतं असं समज.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भिंगरी

२५ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पॅकिंगच्या खोलीत क्रेटवर बसून हे लिहिते आहे. तुझा दादा बाहेर पंपाचा वायसर बदलतोय, तेव्हा तो इतक्यात इकडे फिरकत नाही.

त्याचं तुला आलेलं पत्र मी वाचलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण पाकीट चिकटवायला माझ्याच हातात दिलं, त्याला मी काय करू? माशी नावालाही नाही हे वाचून हसावं की रडावं ते कळेना. अगं, रस्त्याकडची शेड तर हातची गेलीच, पण मधल्या शेडचंही दार ढकललं की पिठाची पिशवी फुटल्यासारखा पांढरा ढग उठतो. केसांत माशी, डोळ्यांत माशी, चहात माशी. पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. टोमॅटो पुसून पुसून माझी नखं काळी झाली आहेत आणि तरी व्यापाऱ्याने मागच्या खेपेचा निम्मा माल परत धाडला.

हा मात्र फवारतोच आहे. आधी झाकणाने मापून घालायचा, आता आमटीत पाणी घालावं तसं अंदाजाने ओततो. एक दिवसाआड. दुसरं काही आणू या म्हटलं तर असा बघतो, जणू मी तुला घराबाहेर काढायला सांगितलं. दुकानदाराने वेगळी बाटली पुढे केली तेव्हा त्यालाही हा ऐकवून आला की घरात बहीण असताना बाहेर कशाला बघू.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. परवा दुपारी तो शेडमधून बाहेर आला आणि पायरीवरच बसला. घामाने चिंब, तोंडात पाणी दाटलेलं, हात लटलट कापत होते. म्हणाला, चहा जास्त झाला. वन्सं, त्या दिवशी त्याने चहा घेतलाच नव्हता.

तो एक तुझंच ऐकतो. माझंही ऐकतो, पण त्याला वेळ लागतो, साधारण आमच्या संसाराएवढा. तूच काहीतरी कर.

वाट बघते. लोभ ठेव, आणि उत्तर पॅकिंगच्या खोलीच्या पत्त्यावर पाठव म्हणजे आधी माझ्या हातात पडेल.

तुझी,
वहिनी

३१ जानेवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

पत्र खाली ठेव आणि आधी त्याला डॉक्टरांकडे ने. बाटली सोबत घे, लेबल दाखव, रक्त तपासायला सांग. तो चहा नाही. घाम, लाळ, कापरे हात हे सगळं माझ्या औषधाचं काम आहे, ते मी ओळखलं नाही तर कोण ओळखणार? त्याला शेडमध्ये पाऊल टाकू देऊ नकोस. त्याचे फवारणीचे कपडे वेगळे धू आणि धुताना तूही हातमोजे घाल.

जाऊन आलात? मग आता पुढचं वाच.

गेल्या वर्षी आमच्याकडे ठिकठिकाणच्या शेडमधून पांढऱ्या माश्या गोळा करून आणल्या होत्या. मी माझं औषध नेमक्या मापाने त्यांच्यावर मारलं. सुरुवातीच्या काळात त्या टपाटप पडायच्या. या वेळी पंख झटकले आणि पुन्हा पानावर जाऊन बसल्या. अंगावर पाणी उडालं तर आपण जेवढा राग धरतो तेवढाही त्यांनी धरला नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मी साहेबांकडे बदली मागितली. फवारणीचा विभाग सोडून पलीकडच्या काचेच्या खोलीत गेले. तिथे आम्ही किडे मारत नाही, पाळतो. गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली एक जात आहे, टाचणीच्या टोकाहून लहान, माणसाला चावत नाही. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात आपलं अंडं घालते. पिल्लू काळं पडतं आणि त्यातून माशीऐवजी हीच बाहेर येते. मी सध्या अशांची दाई आहे.

हे दादाला का कळवलं नाही ते विचारू नकोस. ज्याच्या शोकेसमध्ये माझी बाटली आहे, त्याला काय लिहू? कितीदा कागद पुढे ओढला आणि दर वेळी हवामानावर घसरले.

तेव्हा तू असं कर. फवारणी बंद झाली की मी काही कार्डं पाठवते. त्यांवर ती काळी पिल्लं चिकटवलेली असतात. तू ती मधल्या शेडमध्ये गुपचूप टांग. दादाने विचारलं तर वाणाची लेबलं आहेत म्हण.

तुझ्या मायेची आणि थोड्या खोटेपणाची गरज असलेली,
भिंगरी

८ फेब्रुवारी

वन्सं,
न. वि. वि. (स. मुद्दाम गाळला आहे.)

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. औषध अंगात भिनलं आहे. तुझ्या दादाला त्यांनी असं फैलावर घेतलं की मला पहिल्यांदाच त्याची दया आली. त्या सांगतील तोवर पंपाला हात लावायचा नाही, फवारलेल्या शेडमध्ये जायचं नाही. मान खाली घालून हो हो म्हणाला आणि फाटकाबाहेर आल्यावर मला सांगतो की बाईंना बागायतीतलं काही कळत नाही. आता दारात खुर्ची टाकून बसतो आणि वारा कुठून वाहतोय ते मला सांगतो. हात अजून कापतात, पण कमी. रात्रीची झोप लागते. काळजी करू नकोस.

आता तुझ्याबद्दल. तो तुझ्यापासून लपवतो, तू त्याच्यापासून लपवतेस, आणि दोघं मिळून पाकिटं चिकटवायला मला बसवता. मी कसलीही लेबलं टांगणार नाही. शेड त्याच्या आहेत, घाम त्याचा आहे. काय ते तू त्याला लिही, सरळ, हवामान वगळून. तोवर माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही.

तूर्त रागावलेली,
वहिनी

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. खुर्ची दारातच आहे असं कळलं.

माझं औषध संपलं, दादा. कारखान्यात संपलं नाही, तिथे पिंपं भरलेली आहेत. माशीवर संपलं. मी स्वतः तपासलं आहे. वाईट बाटली नाही, तुझा हात चुकला नाही, भेसळ नाही. आपण पहिल्यांदा फवारलं तेव्हा हजारात एखादी अशी होती की जिला ते लागलं नाही. बाकीच्या मेल्या, ती राहिली. पुढच्या वेळी तिची पिल्लं राहिली. आपण जितक्या वेळा मारलं तितक्या वेळा आपणच निवड केली, जशी तू बियाण्यासाठी चांगली फळं निवडून ठेवतोस. तुझ्या शेडमध्ये आज जी माशी आहे ती माझ्या औषधावर पोसलेल्या खानदानातली आहे. तिच्यावर दुप्पट ओतलंस तरी ती पंख झटकेल. ते लागेल फक्त तुला.

आणि लागलं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते मला माहीत आहे. ज्या औषधाचं नाव निघालं की तू छाती पुढे काढतोस, त्याने तुझे हात कापायला लागले, हे वाचल्यावर मी दिवसभर एकाही पानाकडे बघू शकले नाही.

मी त्या विभागात आता नाही. वर्ष होत आलं. तुला सांगितलं नाही, कारण तू ज्या बहिणीची फुशारकी मारतोस ती बहीण मला तुझ्याकडून काढून घ्यायची नव्हती. मी आता माश्या पाळते. हस. तुझ्या जागी मी असते तर हसलेच असते.

माझी विनंती आहे. रस्त्याकडची शेड सगळ्यात वाईट आहे असं ऐकते. ती उपटून टाक, झाडं झाकून बाहेर ने आणि जमिनीत पुर. उरलेल्या दोन्हींत पानांवरचं औषध उतरेपर्यंत काहीही मारू नकोस. त्यानंतर लागतील म्हणून थोडी कार्डं आधीच पाठवते आहे, सावलीत ठेव. त्यांवर माझी पोरं आहेत. ती हळू काम करतात. तू धीर धरशील की नाही, याचीच मला भीती आहे.

रागावलास तर रागव, पण पत्र लिही.

तुझी,
भिंगरी

१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही असं वहिनी लिहील. जेवलो. फक्त तिच्यासमोर नाही.

मला माहीत होतं गं. गेल्या हंगामापासून माहीत होतं. रोज शेडमध्ये मी असतो, माशी मेली की झोपेतून उठून पुन्हा कामाला लागली, हे मला कळणार नाही? पण तुला कसं लिहायचं? औषध सापडलं त्या वर्षी तू घरी आली होतीस, आठवतंय? दाराशी चपला काढायचं विसरलीस, तशीच आत येऊन मला गदागदा हलवलंस. तुला इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं. वाटायचं, थोडं जास्त घालून बघू. आणखी एकदा मारून बघू. पोरगं नापास झालं म्हणून लगेच शाळेतून काढतो का आपण?

म्हणजे तुला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प, मला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प, आणि दोन्ही घरांत मजेत कोण, तर माशी.

फुशारकीचं म्हणशील तर ती मी बाटलीची मारत नव्हतो. एवढी शिकलीस आणि हे कळलं नाही.

रस्त्याकडची शेड उपटली. फळं लागलेली झाडं उपटताना मला बघवेना, म्हणून वहिनीने मला सुतळी आणायला पिटाळलं. घरात सुतळी होती.

तुझं पाकीट मिळालं आणि कार्डंही टांगली. आता खरं सांग, तू रिकामी कार्डं पाठवलीस ना? बारीक ठिपके दिसतात, पण आठ दिवस झाले तरी त्यातून कोणी बाहेर आलेलं नाही. वहिनी म्हणते, माहेरी आलेली माणसं निवांत उठतात.

वरच्या आशीर्वादातले दोन तुझ्या पोरांना वाट, जन्मली तर.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कितव्यांदा वाचते आहे ते सांगणार नाही, तू लगेच डोक्यावर बसशील.

चूक माझी. पाकीट उन्हात कुठेतरी पडून राहिलं असणार, पोरं आतच गेली. आणि घाईही माझीच. पाठवलेली कार्डं एका शेडलाही पुरणार नव्हती, शिवाय चिकट पानावर त्यांचे पाय अडकतात, हे मला सुचायला हवं होतं. या वेळी थंड डब्यातून, भरपूर, बसच्या ड्रायव्हरच्या हातात देऊन पाठवते. त्याला सांगितलंय की आत माझ्या भावाची औषधं आहेत. ते खोटं नाही.

ती येण्याआधी पानं धुऊन घे. साध्या पाण्याने, मग पातळ साबणपाण्याने, पानाच्या खालच्या बाजूने. हो, पंप वापरता येईल. पण नवा पंप. जुन्यात औषधाचा अंश राहतो. डॉक्टरीणबाईंना विचारून मगच पाठीवर घे. पंप हाती येणार म्हणून तुझा चेहरा कसा उजळला असेल ते मला इथून दिसतंय.

सोबत एक भिंग पाठवते. भिंगरीने भिंग पाठवलं, हा विनोद तू करशील, म्हणून मीच करून टाकला.

तुझ्या धीराची परीक्षा घेणारी,
भिंगरी

६ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि. (स. परत आला आहे.)

आधी हे सांग की भरलेला पंप कुठे रिकामा करायचा. नाल्यात ओतायला निघाला होता, मी हात धरला. पंप सध्या कुलपात आहे.

आता पहिल्यापासून सांगते. तुझी कार्डं नीट आली. पानं धुतली, नव्या पंपाने, साबणपाण्याने. तुझा दादा इतका मन लावून फवारत होता की टोमॅटोंना अंघोळ घातल्यासारखं वाटत होतं. कार्डं खालच्या फांद्यांना सावलीत टांगली. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात माशी पुन्हा दिसायला लागली. तिसऱ्यात तुझा दादा बोलेनासा झाला. खुर्चीत बसून नुसता शेडकडे बघायचा. ते बोलणं बंद झालं की मला भीती वाटते. त्याच्या बडबडीत मी सुखात असते, हे त्याला कळवू नकोस.

त्यातच मिरचीवाला येऊन गेला. जाताना सांगून गेला की बहिणीच्या खेळापायी दुसरी शेडही घालवशील.

परवा दुपारी मी मालाची प्रतवारी बघून घरात आले तर शोकेसचं दार उघडं. तुझी बाटली नाही! घरातल्या बाकी बाटल्या मी केव्हाच कुलपात ठेवल्या होत्या, ही तेवढी शोभेची म्हणून राहिली होती. मी तशीच अनवाणी शेडकडे पळाले. दुरून हाका मारत होते, शिव्याही देत होते, त्या कोणत्या ते विचारू नकोस.

आत गेले तर जुना पंप वाटेत उभा, काठोकाठ भरलेला. आणि हा गुडघ्यांवर. मला वाटलं, पडला. जवळ जाऊन बघते तर एक पान उलटं धरून, एक डोळा मिटून, भिंग लावून बसलाय. मला हातानेच थांब म्हणाला. मग भिंग माझ्याकडे दिलं आणि पान धरून ठेवलं, हलू नये म्हणून दोन्ही हातांनी.

वन्सं, पानाच्या पाठीवर काळे मणी होते. खूप. मधेमधे पांढरी पिल्लं, पण त्यांच्यापेक्षा काळी जास्त. एका काळ्या मण्याला बारीक गोल भोक पडत होतं आणि त्यातून कोणीतरी डोकं बाहेर काढून आम्हा दोघांकडे बघत होतं. मी आयुष्यात इतकं लहान काही जन्मताना पाहिलं नव्हतं.

नंतर त्याने सांगितलं की पंप पाठीवर चढवून पहिल्या रांगेपर्यंत गेला होता. नळी उचलली आणि वाटलं, पोरीने भिंग पाठवलंय, एकदा तोंडदेखलं बघून तर घेऊ, नाहीतर विचारलं की खोटं बोलावं लागेल. खोटं बोलायचं त्याने सोडलंय म्हणे. कधीपासून, ते मला ठाऊक नाही.

तो तिथे कितीतरी वेळ बसून राहिला. मी शिव्या परत घेतल्या, एक सोडून. शोकेस रिकामी झाली तिथे मी बरण्या ठेवते.

पंपाचं उत्तर परतीच्या टपालाने हवं.

तुझी, आता न रागावलेली,
वहिनी

१८ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पंपाचं तू कळवलंस तसंच केलं. डॉक्टरीणबाईंनी परवा पुन्हा रक्त तपासलं आणि आता सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तुझ्या दादाने त्यांना एक क्रेट टोमॅटो नेऊन दिले आणि बागायतीतलं काय काय शिकवलं. त्या बिचाऱ्या ऐकत होत्या.

माल मागच्या चांगल्या वर्षांएवढा नाही. मधली शेड उत्तम आहे, टोकाची तिच्याहून बरीच कमी, तिथे कार्डं उशिरा लागली. पण फळ स्वच्छ आहे. माझी नखं पांढरी दिसायला लागली आहेत. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी नाकाला पदर न लावता शेडमध्ये बसून शेंगा सोलल्या.

आता मुख्य बातमी. तुझा दादा तुला लिहिणार नाही, त्याला लाज वाटते आहे, म्हणून मी लिहिते.

काल सोसायटीच्या हॉलमध्ये बागायतदारांची सभा होती. दर वर्षी हा मागच्या रांगेत बसून डुलक्या घेतो. काल माइक मागितला. मला वाटलं, पंख्याबद्दल तक्रार असेल. उभा राहिला आणि माइक उलटा धरला, तो मिरचीवाल्याने सरळ करून दिला. मग म्हणाला की मी तुम्हा सगळ्यांना माझ्या बहिणीचं औषध घ्यायला लावलं, दारोदार जाऊन लावलं. आता दारोदार जायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून इथेच सांगतो, ते थांबवा. पांढरी माशी त्याला दाद देत नाही, मी आता बहिणीनेच पाठवलेले किडे शेडमध्ये सोडतो. त्यापायी मी एक शेड उपटली आणि स्वतःही उपटला जाता जाता राहिलो.

हॉलमध्ये असा गोंगाट उठला म्हणून सांगू. कोणी हसलं, कोणी चिडलं. औषधाचा दुकानदार उभा राहून विचारायला लागला की माशी सरावली तर दुसरं औषध आहे, तिसरं आहे, मग माणसाने किडे सोडत बसायचं का. ते काही अगदी वेडं बोलणं नव्हतं, आणि दादाही तसं म्हणाला. सगळी औषधं टाका असं तो म्हणत नाही, एकालाच धरून बसू नका आणि आधी पान उलटं करून बघा, एवढंच म्हणतो. मग मागून एकाने ओरडून विचारलं की सख्ख्या बहिणीचं औषध फसवं निघालं, तर आता आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा.

तुझ्या दादाने मागे हात करून खुर्ची चाचपली. मला वाटलं, झालं, आता बसतो. मग हळूच म्हणाला की ते फसवं नव्हतं, त्याचा काळ संपला. आणि जिने ते बनवलं तिनेच स्वतःहून सांगितलं की थांबा. आपलंच काम थकलं असं आपल्या तोंडाने सांगणारं माणूस तुमच्या ओळखीत दुसरं असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा, माझ्या ओळखीत एवढी एकच आहे.

माइक हातात घेऊनच तो खाली बसला, तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागला.

सभा संपल्यावर कित्येक जण पान उलटं करून बघायला आमच्या शेडमध्ये आले. मिरचीवाला सगळ्यात शेवटी गेला. भिंग परत द्यायला विसरला, असं तो म्हणतो.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
वहिनी

२५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने सगळं कळवलं. माइक उलटा धरलास ते आधी वाचलं आणि काचेच्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले. सोबतच्या बाईंना वाटलं पोरं पळाली, त्या जाळी घेऊन धावत आल्या.

तुझ्या सभेची फळं इथवर आली आहेत. कार्डं हवीत म्हणून तुमच्याकडच्या बागायतदारांचे फोन येत आहेत आणि आमच्या साहेबांना कळेना की एकाच गावातून एवढी मागणी कशी. मी सांगितलं, तिथे आमचा एक माणूस आहे. मिरचीवाल्याचाही फोन होता. मिरचीवर पानांचा रस शोषणारा बारीक कोळी पडलाय म्हणे, त्यावर माझ्याकडे काय आहे ते विचारत होता. कोळी खाणारा दुसरा कोळी आहे, तो पुढच्या गाडीने पाठवते. आणखी एक भिंगही पाठवते, ते तुझं.

साहेबांनी आमच्या जुन्या औषधाच्या लेबलवर नवी सूचना छापायचं मान्य केलं आहे. लागोपाठ फवारू नये, काही हंगाम विश्रांती द्यावी, आणि हातमोज्यांचं चित्र मोठं. मला हवं होतं तेवढं मोठं नाही. त्यावर भांडण चालू आहे. मला रजा मिळाली आहे, रविवारी पोचते. वहिनीला सांग, माझ्यासाठी विशेष काही करू नकोस, आणि ती करेल तेव्हा अडवू नकोस.

बाकी दादा, त्या हॉलमध्ये मी नव्हते ते बरंच झालं. असते तर पहिल्या रांगेत बसून रडले असते, आणि तू भाषण अर्धवट टाकून मला गप्प करायला खाली उतरला असतास.

तुझीच,
भिंगरी